काय सांडलं, बोल

गिरीअण्णा आधी मारायचे आणि मग नाव विचारायचे. माझंही तसंच झालं. माझ्या मालकांची, आबांची गाडी घेऊन मी पहिल्यांदा शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दुकानासमोर थांबलो. कुणी बाहेर येईना म्हणून हॉर्न दाबला. आतून बनियनवर एक उंच, काळा माणूस आला, खिडकीतून हात घालून माझ्या कानाखाली एक ठेवून दिली आणि म्हणाला, "हॉर्न चालू हाय. दुसरं काय बिघडलंय बोल. नाव काय बे तुझं?"

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. भंडाऱ्याच्याही पुढचं, जंगलाकडचं.

"म्हंजे नागपूर."

"नागपूर नाही जी, तिथून अजून..."

"नागपूर," अण्णा म्हणाले, आणि त्या दिवसापासून सोलापुरात माझं तेच नाव झालं.

मी सातवीत शाळा सोडलेली. लिहायची सवय नाही, आणि ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना त्यातून काही त्रास होऊ नये ही धास्ती आहे, म्हणून माणसांची नावं बदलली आहेत. मी सध्या कुठं असतो तेही लिहीत नाही. अण्णांचा राग मात्र होता तेवढाच लिहितो. तो कमी केला तर माणूसच उरणार नाही.

यादगिरी हे त्यांचं खरं नाव. घरी तेलुगू. वडील कापडाच्या मागावर बसायचे, अण्णा मात्र वायरिंगच्या कामात शिरले. दुकान म्हणजे एका गाडीपुरती जागा. वर माडीवर घर. तिथं त्यांची बायको, पद्माक्का, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. अण्णा खाली कुणाच्या अंगावर ओरडायला लागले की वरून तिचा आवाज यायचा. मला त्यातला एक शब्द कळत नसे, पण अण्णा तेवढ्यापुरते गप्प व्हायचे. एकदा नाही झाले, तर ती सूप घेऊन जिना उतरली आणि गिऱ्हाइकासमोर त्यांच्या पाठीत ते हाणलं. तंबाखूचा सगळा भुसा अण्णांच्या केसांत. गिऱ्हाईक हसलं. अण्णांनी मग गिऱ्हाइकाला मारलं.

गाडी आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "काय सांडलं, बोल."

लाईट लागत नसो, काच खाली जात नसो, प्रश्न तोच. त्यांचं म्हणणं असं, की वायर आपणहून शॉट होत नाही. काहीतरी सांडलेलं असतं किंवा काहीतरी घासलेलं असतं, आणि घासलेलं माणूस सांगतो, सांडलेलं लपवतो. समोरचा हटकून म्हणे, "काही नाही सांडलं." मग अण्णा सीटखाली नाक घालून वास घ्यायचे आणि उठून म्हणायचे, "ताक." किंवा, "पोरगं ओकलंय." आणि खोटं बोलल्याबद्दल एक थोबाडीत. मोठमोठ्या गाड्यांची माणसं हे सहन करायची. काही परत यायची नाहीत. बहुतेक यायची, कारण शहरातले बाकीचे वायरिंगवाले न सापडलेला शॉट सापडला म्हणून सांगत, आणि अण्णा तसं कधीच सांगत नसत.

एकाने घाई केली होती. "सगळं कशाला उकलता, वरून टेप मारा अन् द्या." अण्णांनी पक्कड घेतली, स्टिअरिंगखालचा वायरींचा अख्खा जुडगा एका दमात तोडला, चावी गटारात टाकली आणि म्हणाले, "आता मार टेप." तो माणूस पोलीस घेऊन आला. पोलिसाची मोटारसायकल अण्णांकडेच दुरुस्तीला येत असे. तो चहा पिऊन गेला.

स्टिअरिंगचं काम असलं, तर बॅटरीची एक वायर काढून ठेवायची आणि चहा प्यायचा, हा त्यांचा नियम. चहा संपेपर्यंत गाडीला कुणी बोट लावायचं नाही. स्टिअरिंगच्या पोटात हवेची पिशवी, एअरबॅग, असते. बॅटरी काढली तरी तिच्यात थोडा वेळ जीव राहतो. ही गोष्ट मला पद्माक्काने सांगितली. अण्णा तरुण असताना त्यांनी चहाची वाट बघितली नव्हती. पिशवी तोंडावर फुटली. जबडा सरकला, डावा कान कायमचा गेला. "तवापासून असा झालाय," ती म्हणाली. मग विडीला दोरा बांधता बांधता स्वतःशीच म्हणाली, "न्हाई रे, आधीपासूनच असा हुता."

मी ज्यांच्याकडे होतो ते आबा म्हणजे वेळापूरकडचे. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांना मजूर पुरवायचे. मजूर पुरवायचे आणि मजूर कुरकुरले तर त्यांना गप्पही करायचे. त्या दुसऱ्या कामासाठी बाळ्या होता. बाळ्या माझ्या शेजारच्या सीटवर बसे, पायाशी त्याची दांडकी. मी समोर बघून गाडी चालवायची आणि मागे काय बोलतात ते ऐकायचं नाही, एवढीच माझी नोकरी. घरी आई, बहीण. मी ऐकत नसे.

आबांचा मोबाईल गाडीला जोडलेला असे. फोन आला की स्टिअरिंगवरचं हिरवं बटण मी दाबायचं, ते मागून बोलायचे. फोन संपला की आवाज पूर्ण बंद करायचा, त्यांना गाण्यांचा तिटकारा. हिरवं बटण दाबून धरलं की शेवटचा नंबर आपोआप पुन्हा लागतो, हे मला माहीत होतं. आबांनाही माहीत होतं. तिथंच सगळा घोळ झाला.

त्या दिवशी सकाळपासून अवकाळी पाऊस होता. कारखान्यातल्या मजुरांचा एक पुढारी होता, तरुण पोरगा. आबांनी गाडीतून त्याला फोन लावला. आवाजात साखर घालून म्हणाले, "उद्या सकाळी नाक्यावर ये की लेकरा, चहा पिऊ, मिटवून टाकू." फोन संपला. मी आवाज बंद केला. मग आबा बाळ्याला म्हणाले, "नाक्यावर आला की दोन्ही पाय. गुडघ्यातनं. परत उभा राहायला नको."

दुसऱ्या दिवशी तो पोरगा आला नाही. बायकोमुलांसकट गायब झाला. आबांनी मोबाईल काढून बघितलं, तर त्याला लावलेले दोन फोन दिसले. पहिला त्यांनी लावलेला. दुसरा लगेच नंतरचा. आणि त्या वेळी मोबाईल त्यांच्या खिशात होता. पायांचं बोलणं त्या पोराने त्या दुसऱ्या फोनवर ऐकलं होतं.

"बटन कुणाच्या बोटाखाली असतंय?" आबांनी मला गोडाऊनमध्ये विचारलं.

"आबा, मी नाही दाबलं जी. गाडी आपल्या मनानंच करते. रेडिओचं स्टेशनही आपोआप बदलते. मी बाळूभाऊले सांगितलं होतं."

"गाडी फोन लावती व्हय?" बाळ्या हसला. मग त्याने मशीनचा जुना पट्टा घेतला. पहिले काही फटके कळले. नंतर नुसता आवाज येत होता, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा, आणि हे आपल्याच पाठीवर चाललंय हे समजायला थोडा वेळ लागत होता. तोंडात रक्ताची चव आली. मी आईचं नाव घेत नव्हतो. मी म्हणत होतो, "अण्णांना दाखवा. गाडी गिरीअण्णांना दाखवा."

आबांनी हात वर केला. पट्टा थांबला.

"गिऱ्याला?" आबा विचारात पडले. "ते बेणं कुणाच्या बापाला भीत न्हाई. खोटं बोलणार न्हाई." मग माझा डावा हात उचलून अंगठा दोन बोटांत धरला, बाजारात भेंडी बघतात तसा. "गिऱ्या म्हणला शॉट हाय, तर तुला सोडला. शॉट न्हाई म्हणला, तर हे तितंच काढायचं. त्याच्याच पक्कडीनं."

ऊन पडलं होतं. आबा मागे बसले, बाळ्या शेजारी. गाडी मलाच चालवायला लावली. पाठ सीटला टेकवता येत नव्हती. शुक्रवार पेठेत शिरलो तेव्हा अण्णा दुकानापुढं स्टुलावर बसून टेस्टर पुसत होते. माझं तोंड बघितलं आणि टेस्टर खाली ठेवला. आबांनी सगळं सांगितलं, अंगठ्याचंसुद्धा.

"काय सांडलं, बोल," अण्णांनी आबांना विचारलं.

"कायबी न्हाई सांडलं."

"चहा? पावसाचं पाणी?"

"न्हाई म्हणलं न्हवं. माझ्या गाडीत कोण पाणीसुद्धा पीत न्हाई."

अण्णांनी बॅटरीची वायर काढली आणि चहा सांगितला. बाळ्या चिडला. "चहा कसला पितायस? बघ की लवकर." अण्णांनी त्याच्याकडे न बघता चांगला कान त्याच्या दिशेला वळवला, आणि तेवढ्याने बाळ्या गप्प झाला. सगळ्यांनी चहा प्यायला. मला कप धरता येईना, तेव्हा अण्णांनी माझं डोकं मागून पकडून कप तोंडाला लावला. ओठ फुटलेला होता. चहा भाजला.

मग स्टिअरिंगची मधली पिशवी काढून बाजूला ठेवली. खालची बटणं उघडी झाली. अण्णांनी मीटर लावला आणि आबांना समजावून सांगू लागले, आवाजात राग तेवढाच. "ह्या समद्या बटनांना मिळून एकच वायर. परत्येक बटनाचा आकडा वेगळा. हिरवं दाबलं की एक आकडा, आवाजाचं दाबलं की दुसरा. आकडा बघून गाण्याच्या टेपला कळतंय कुणी काय दाबलं. कुणी दाबलं न्हाई तर आकडा यायला नको."

मीटरवर आकडा नव्हता. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. आतली पट्टी तुटली असेल तर फिरवताना आकडा हलतो. हलला नाही. पुन्हा फिरवलं. बटणांवर बोट आपटलं. वायर ओढून बघितली. काही नाही.

"शॉट न्हाई," अण्णा म्हणाले.

मी हे अजूनही स्वप्नात ऐकतो. माझ्या जिवावर बेतलेलं असताना त्यांना खोटं बोलता आलं असतं. मीटर आबांना थोडाच वाचता येत होता? ते बोलले नाहीत खोटं. बाळ्याने माझं मनगट धरलं, हात फळीवर दाबला आणि दुसऱ्या हातानं अण्णांची पक्कड उचलली. पक्कडीचं थंड लोखंड अंगठ्याच्या मुळाशी लागलं. माझ्या पँटमध्ये गरम ओल पसरली. वर पद्माक्का ओरडायला लागली.

"थांब बे," अण्णा म्हणाले. "शॉट न्हाई म्हणलो. काम झालं म्हणलो न्हाई." आणि आबांना विचारलं, "फोन लागला तवा हवा कशी हुती?"

"पाऊस हुता."

अण्णांनी बटणांचा डबा खोलला. आतली हिरवी सर्किटची पाटी बाहेर काढून उन्हात धरली, नाकाला लावली. बराच वेळ वास घेतला. मग जिभेचं टोक लावलं आणि थुंकले. पाटी पुन्हा वायरीला जोडली, बॅटरी जोडली, गाडीची चावी फिरवली.

"आबा, तुमचा मोबाईल खिशातच ठेवा. हात वर. नागपूर, तुझे हात तर हायतच तितं. बाळ्या, तू त्याला धरलायस, सोडू नको. माझे हे बघा." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. वाकले. काच पुसायला तोंडाची वाफ सोडतात तशी त्या पाटीवर सोडली. "हाऽऽऽ."

काही झालं नाही. पुन्हा, लांब. "हाऽऽऽ."

बाळ्याच्या खिशातला फोन वाजायला लागला.

सकाळी आबांनी शेवटचा फोन बाळ्यालाच केला होता. पक्कड माझ्या अंगठ्यावर तशीच, आणि खिशात फोन वाजतोय. बाळ्याला कळेना काय सोडावं. त्याने फोन काढला, पडद्यावर आबांचं नाव. आबांचे दोन्ही हात वर होते.

"ओल धरली की हिरव्या बटनाचा आकडा येतोय," अण्णा म्हणाले. "सुकलं की जातोय." त्यांनी पाटी आबांच्या नाकाखाली नेली. तांब्याच्या रेघांवर काळपट चिकट थर होता, आणि त्यात अडकून मेलेल्या बारीक लाल मुंग्या. "गोड हाय. ह्याला वास खोबऱ्याचा हाय. खंडेनवमीला गाडीची पूजा कुणी केली?"

आबा त्या मुंग्यांकडे बघत राहिले.

"कुणी केली?"

"मी."

गाडीची पूजा सगळेच करतात, नारळ चाकापुढे फोडतात. आबांची एक खास रीत होती. नारळाचं पहिलं पाणी ते स्वतःच्या हातानं स्टिअरिंगवर ओतायचे, देवावर अभिषेक घालतात तसं. माझ्यासमोरच घातला होता, हळदीकुंकवासकट. अण्णांनी काय सांडलं विचारलं तेव्हा आबांना आठवलं नाही, मलाही आठवलं नाही, कारण ते सांडलेलं नव्हतंच. ते वाहिलेलं होतं.

अण्णांनी बाळ्याच्या हातातून पक्कड घेतली. इतक्या सहज, की वाटलं आता ती जागेवर ठेवतील. त्याऐवजी त्यांनी आबांचा उजवा हात धरून फळीवर आपटला आणि अंगठा पक्कडीत पकडला.

"मग आता अंगठा कुणाचा काढायचा, आबा?"

बाळ्या पुढे आला. अण्णांनी पक्कड थोडी दाबली. आबांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी त्यांच्या गोडाऊनमध्ये इतरांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकला होता. नखाच्या कडेनं रक्त आलं. अण्णांचा चेहरा शांत होता, आणि मला त्या वेळी आबांपेक्षा अण्णांचीच जास्त भीती वाटली. ते खरंच तोडतील असं वाटलं. त्यांना तोडायचा होता.

वरून सूप आलं. जिन्यावरून गडगडत, तंबाखू उधळत, अण्णांच्या खांद्यावर आदळलं. मागोमाग पद्माक्काचा आवाज. फक्त एक शब्द, त्यांचं नाव. यादगिरी.

अण्णांनी पक्कड सोडली.

"सोडला म्हणा त्याला," ते आबांना म्हणाले.

"सोडला." आबांनी अंगठा तोंडात घातला होता. गाडीत बसताना ते म्हणाले, "गिऱ्या, तू आज माझ्या अंगाला हात लावलास."

"लावला. त्याची मजुरी धरणार न्हाई."

बाळ्या गाडी घेऊन गेला, स्टिअरिंग उघडं तसंच. अण्णा माझ्याकडे वळले, मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर एक लाथ बसली. "पाया पडतोय रताळ्या. जा वर. ते परत येत्यात." पद्माक्काने माझ्या पाठीला हळद लावली, अण्णांची एक पँट दिली, घोट्याच्या वर दुमडून. मागच्या बोळातून, विड्या द्यायला निघालेल्या बायकांच्या घोळक्यातून तिने मला स्टेशनपर्यंत नेलं. बायकांनी मला मध्ये घेतलं होतं. गाडी सुटेपर्यंत पद्माक्का फलाटावर उभी होती, आणि मला आठवतं, ती माझ्याकडे नाही, फलाटाच्या जिन्याकडे बघत होती, कुणी मागे येतंय का ते.

पुढचं तिनेच फोनवर सांगितलं. त्याच संध्याकाळी आबांची माणसं आली. दुकान फोडलं, मीटर, चार्जर, सगळं. अण्णांचा उजवा हात कोपरात मोडला. त्यांनीही दोघांना लोळवलं. तक्रार कुणीच केली नाही. "तू हितं येऊ नको," ती म्हणाली. "फोनबी करू नको. बाळ्या अजून दुकानासमोर येऊन बसतोय. तुला शोधतोय."

मी फोन केला नाही. पण अंगठा रोज दिसतो. गाडी चालवताना तर समोरच असतो. माझं लग्न झालं, मुलगी झाली, तिला पहिल्यांदा उचललं तेव्हा तिने तोच मुठीत धरला. त्या आठवड्यात मी सोलापूरची गाडी पकडली. तोंडाला रुमाल बांधला, दाढी वाढवली होती. दुपारची वेळ. वाटलं, लांबून बघू, बाळ्या नसेल तर दोन मिनिटं बोलू, असेल तर निघून येऊ.

दुकान चालू होतं. शटर नवं. अण्णा एका रिक्षाच्या आत वाकले होते. उजवा हात कोपरात पूर्ण सरळ होत नव्हता, टेस्टर डाव्या हातात. केस सगळे पांढरे. रिक्षावाल्याला काहीतरी शिव्या चालल्या होत्या. बाकड्यावर कुणीतरी पाठ करून बसलं होतं, गिऱ्हाईक असेल. मी रुमाल खाली केला आणि रस्ता ओलांडला.

अण्णांनी मान वर केली. मला ओळखलं. मी सांगतो, त्यांचे डोळे हसले. मी "अण्णा" म्हणायला तोंड उघडलं, आणि ते टेस्टर टाकून धावत आले, माझी कॉलर धरली आणि सगळ्या जोरानं थोबाडीत मारली. मग दुसरी. पेठेतली माणसं थांबली. माझ्या नाकातून रक्त आलं. तिसरी मारताना त्यांनी मला गर्रकन फिरवलं, असं की माझं तोंड त्यांच्या छातीत दाबलं गेलं आणि पाठ बाकड्याकडे झाली.

"बाकड्यावर बाळ्या हाय," ते माझ्या कानात म्हणाले. "बरा हायस न्हवं?"

मी मान हलवली.

"पोरंबाळं?"

"मुलगी," मी म्हणालो.

त्यांची कॉलरवरची मूठ क्षणभर सैल झाली. मग त्यांनी मला ढकलून दिलं, असं की मी गुडघ्यांवर पडलो, बोळाच्या दिशेनं, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "बॅटरी चोरायला आलायस व्हय रे भाड्या? पळ! परत दिसलास तर जित्ता ठेवणार न्हाई!"

मी पळालो. बोळाच्या वळणावर एकदाच मागे बघितलं. बाळ्या बाकड्यावरून उठून मान लांब करून काहीतरी विचारत होता. अण्णा त्याच्या पुढ्यात, माझ्या वाटेत आडवे उभे होते, छाती वरखाली होत होती, आणि ज्या हातानं मला मारलं तो हात त्यांनी दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला होता.